विसार देण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण रूढ झाली तेव्हा सदनिका नव्हत्या. आता घर बांधतो दुसराच. ग्राहकाच्या हाती प्रथम पडते ती रंगीत पुस्तिका. तिला भुलून शिक्षक वा कारकून भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम साध्या पावतीवर देऊन मोकळा होतो. वस्तुतः २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा अधिनियमानुसार नोंदणीकृत करारनाम्याविना किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. म्हणून आधी प्रकल्पाची महारेराकडील नोंदणी, जमिनीच्या मालकीचे कागद आणि करारातील चटई क्षेत्र तपासावे. भोगवटा प्रमाणपत्राविना ताबा घेऊ नये. आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या स्वाधीन करताना कागद मागण्याचा संकोच बाळगणे हा सभ्यपणा नव्हे, ती आत्मवंचना होय.