मॅक घेतला, आता खिसा सांभाळा!

मंडळी, नवा मॅक घरी आला की काय होतं ते सांगायला नको. बॉक्स उघडतानाचे फोटो, राजकमल चौकात दोस्तांना पार्टी, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिला सवाल, ‘यात वर्ड कुठंय बाप्पा?’ ईएमआयचा पहिला हप्ता जायचाय आणि इथं सॉफ्टवेअरच्या खर्चाची यादी तयार!

थांबा. आधी जे फुकट आलंय ते तर वापरा. पेजेस, नंबर्स आणि कीनोट 2013 पासून नव्या मॅकसोबत मोफत मिळतात. वर्ड-एक्सेलच्या फाइल्स त्यात उघडतात. ऑफिसची शीट मॅक्रोंनी भरलेली असेल तर मात्र नंबर्सच्या नादी लागू नका, तिथं एक्सेलच लागतं. साध्या कामाला लिबर ऑफिस आहे, तेही फुकट. पीडीएफ जोडायच्या, सही करायची? प्रीव्ह्यूमध्ये सगळं होतं. त्यासाठी लोक वर्षाचं सबस्क्रिप्शन भरतात, काहून ते देव जाणे!

खरी गोची होते मराठीत. आमचा अकोल्याचा एक दोस्त नोकरी सांभाळून लग्नपत्रिका डिझाइन करतो. एका सेलमध्ये डॉलर मोजून त्यानं एक डिझाइनचं सॉफ्टवेअर घेतलं. किंमत निम्मी, गडी जाम खूश. पहिलीच पत्रिका, तीही सख्ख्या मावसभावाची. ‘ज्येष्ठ चिरंजीव’मधला ज्येष्ठ पाय मोडून पडला आणि चिरंजीवची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. हे दिसलं कधी? तीनशे पत्रिका छापून झाल्यावर. मावशी म्हणाली, ‘अबे, पोराचं लगन आहे का परीक्षा?’ छपाईचे पैसे पठ्ठ्याच्या खिशातून गेले, ते वेगळंच.

सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, त्याला देवनागरी जुळवता येत नव्हती. जोडाक्षर, रफार, वेलांटी यांची जागा ठरवायला प्रोग्रॅमला वेगळं डोकं लागतं, आणि ते सगळ्यांना नसतं. म्हणून माझा फंडा सोपा आहे. ट्रायल उतरवा आणि त्यात एकच शब्द टाइप करा : विद्यार्थी. वेलांटी, जोडाक्षर, रफार, तिन्ही एकाच शब्दात. नीट दिसला तर पुढं जा, नाहीतर सेल कितीही भन्नाट असो, कटा! इंकस्केप ही परीक्षा पास होतं, आणि तेही फुकट. इनडिझाइन वापरणाऱ्यांनी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडायचा, म्हणजे मराठी ताळ्यावर येते. टायपिंगसाठी वेगळं काही विकत घेऊ नका, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्सला मराठी जोडलं की झालं. फॉन्टही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. मुक्त आणि बलू हे दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, सॉलिड दिसतात.

आता छापखान्याचं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून विंडोज आणि जुने नॉन-युनिकोड फॉन्ट चालतात. तिथली फाइल मॅकवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या कोडवर बसवलेलं असतं. कन्व्हर्टरवर पैसे घालण्याआधी प्रेसवाल्या भाऊंना विचारा, पीडीएफ चालते का? बहुतेक चालते. फॉन्ट फाइलच्या आतच जातो, टेन्शन नाही.

‘क्रॅक टाक ना बे, कायले पैसे घालतं?’ हा सल्ला तर प्रत्येक कट्ट्यावर मिळतो. मॅकला व्हायरस लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी दोन आठवणी. जानेवारी 2009 मध्ये आयवर्कच्या चोरट्या कॉपीतून ट्रोजन पसरला. 2020 मध्ये लिटल स्निचच्या चोरट्या कॉपीतून रॅन्समवेअर आला, म्हणजे फाइल्सना कुलूप आणि वर खंडणी. क्लायंटचं काम त्याच मशीनवर असेल तर वाचवलेले हजार रुपये फार महागात पडतात.

पैसे द्यायचेच असतील तर नोव्हेंबरच्या शेवटी द्या. ब्लॅक फ्रायडेला छोटे मॅक डेव्हलपर सढळ हातानं सूट देतात. बंडल दिसलं की मात्र मोजा. दहा ॲपपैकी आपल्या कामाची दोन असतील, तर बाकी आठ स्वस्त नाहीत, अडगळ आहेत. सेटॅप 2017 मध्ये दरमहा सुमारे 10 डॉलरच्या भाड्यावर सुरू झालं. चार-पाच ॲप रोज वापरणाऱ्यालाच तो हिशोब परवडतो. डॉलरच्या किमतीवर बँकेचा मार्कअप आणि कर चढतो, म्हणून ॲप स्टोअरवर रुपयातली किंमत आधी बघा. भारतातल्या खात्यांवर ॲपलनं 2022 मध्ये कार्ड घेणं थांबवलं तेव्हा कित्येकांची सबस्क्रिप्शनं अडकली होती. यूपीआयनं काम होतं. फॅमिली शेअरिंग असलेलं ॲप एकदा घेतलं की घरातले सहा जण वापरू शकतात, तेव्हा ताईला आधी विचारा.

आणि जुन्या लायसन्सच्या भरवशावर राहू नका. 2019 च्या कॅटलिनानं 32-बिट ॲप चालवणंच बंद केलं आणि स्वस्तात जमवलेली कित्येक ॲप्स एका अपडेटमध्ये मेली. बडनेऱ्याहून मुंबई-पुण्याच्या ॲपल स्टोअरपर्यंत जायचं म्हणजे एक अख्खी रात्र गाडीत. तेव्हा अपडेटचं बटण दाबण्याआधी टाइम मशीनचा बॅकअप घ्या, आणि अकोल्याच्या त्या दोस्तासारखी पत्रिका हातात असेल, तर लग्न उरकेपर्यंत ते बटण दाबूच नका.