संयमाचे गणित आणि पुढची गाडी

सकाळच्या गर्दीत बदलापूरहून भरून आलेली लोकल अंबरनाथ वा उल्हासनगर स्थानकात थांबते, तेव्हा फलाटावरील एकाच माणसाच्या ठायी दोघांचे भांडण चाललेले असते. पुढच्या गाडीने जावे, असे एक म्हणतो. तोवर दुसऱ्याने दाराच्या दांड्याला हात घातलेला असतो. अर्थशास्त्राला हे द्वंद्व अपरिचित नाही. रिचर्ड थेलर व हर्श शेफ्रिन यांनी १९८१ मध्ये माणसाच्या ठायी दूरचे पाहणारा नियोजक आणि क्षणापुरते पाहणारा कर्ता अशी दोन रूपे कल्पून आत्मसंयमाचे गणिती प्रारूप मांडले. तणावाखाली माणूस भावना व इच्छा कशा आवरतो, याची प्रारूपे आता संगणकावर तयार होतात. त्यांतील काहींचा निष्कर्ष मात्र उपदेशकांना रुचणारा नाही.

संयम हा स्वभावाचा गुण आहे, अशी रूढ समजूत आहे. वॉल्टर मिशेल यांच्या प्रसिद्ध प्रयोगात लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवून, थांबलात तर दुप्पट मिळेल, असे सांगण्यात येई. जी मुले थांबली ती मनाने खंबीर, असा बोध त्यावरून घेतला गेला. २०१३ मध्ये सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगास एक पुस्ती जोडली. खाऊ ठेवण्यापूर्वी त्यांनी काही मुलांना दिलेले वचन पाळले, काहींना दिलेले मोडले. वचन पाळले गेलेली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. उरलेली अवघी ३ मिनिटे!

त्याच वर्षी जोसेफ मग्वायर व जोसेफ केबल यांनी यामागील गणित उलगडून दाखविले. प्रतीक्षेची मुदत ठाऊक असेल, तर प्रत्येक मिनिटागणिक फळ जवळ येते. मुदतच अनिश्चित असेल, तर जितके अधिक थांबावे तितका पुढील विलंबही लांबण्याचा संभव वाढतो. अशा वेळी थांबणे सोडून देणे हा दुबळेपणा नसून हिशेब असतो.

या पट्ट्यातील अनुभव याच्याशी विसंगत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. गाडीतून उतरू नका, मदत येत आहे, असे रेल्वेने कळविले. सुमारे १,०५० प्रवासी तासन् तास थांबले आणि सुखरूप बाहेर आले. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित गाड्या सोडल्या जाताच याच बदलापुरात प्रवासी संतप्त होऊन निदर्शनांस उतरले, आणि त्या फेऱ्या मागे घेणे रेल्वेस भाग पडले. नित्याची गाडीच हिरावली गेल्यावर ‘पुढची गाडी’ या शब्दांना अर्थ उरत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडून काहींना प्राण गमवावे लागले, तेव्हा बेपर्वाईचा ठपका पुन्हा त्यांच्यावरच ठेवला गेला.

बेदरकार तरुण गर्दीत असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दारात लोंबकळणारा प्रौढ कारकून साहसाच्या हौसेने तेथे जात नाही. पुढची गाडीही तितकीच भरलेली असेल, कदाचित उशिराने येईल आणि हजेरीपटावर उशिराची खूण पडेल, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याचा संयम खचलेला नसतो. त्याचा विश्वास खचलेला असतो.

म्हणूनच ‘घाई करू नका’ अशा फलकांनी फारसे साधणार नाही. विलंबाची खरी मुदत वेळीच सांगणे, कचेऱ्यांच्या वेळा विभागणे आणि २०१९ मध्ये मंजुरी मिळालेल्या कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचे काम रेंगाळू न देणे, हे उपाय अधिक मोलाचे आहेत. प्रवाशाने थांबावे अशी अपेक्षा असेल, तर थांबणे त्याच्या हिताचे ठरेल, याची हमी प्रथम रेल्वेने व शासनाने द्यावयास हवी.