वेळेआधी आलेला निरोप

दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेतील मुलीच्या देहावर तारुण्याची चिन्हे दिसू लागली की घरात कुजबुज सुरू होते. कोणी खाण्यापिण्याला बोल लावतो, कोणी सिनेमाला. आणि शेवटी बहुधा सर्वांची बोटे आईकडे वळतात. वाचकहो, दोष ठरविण्यापूर्वी शरीरात काय घडते ते आपण समजून घेऊ या.

मूल वयात येते ते मेंदूच्या आज्ञेने. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील काही पेशी थांबून थांबून एक संप्रेरक सोडतात. तो निरोप जवळच्या पीयूषिका ग्रंथीस पोहोचतो, आणि ती रक्तावाटे मुलीच्या बीजकोशांना व मुलाच्या वृषणांना जागे करते. परंतु त्या मूळ पेशींनाही कोणी तरी जागे करावे लागते. ते काम किसपेप्टिन नावाचे द्रव्य करते. पेशीच्या पृष्ठभागावर जणू एक कुलूप असते, आणि किसपेप्टिन ही त्याची किल्ली होय. हे कुलूपच बिघडलेले असेल तर मूल वयात येत नाही, असे २००३ साली दिसून आले. उलट, २००८ साली ब्राझीलमधील संशोधकांनी अशा एका मुलीचे वर्णन केले, की जिच्या कुलपातील सूक्ष्म बदलामुळे एकदा उघडलेले दार लवकर मिटत नसे. ती अकाली वयात आली होती.

किल्लीप्रमाणे लगामही आहे. एमकेआरएन३ हे जनुक बालपणी या यंत्रणेस आवरून धरते. त्यात दोष असल्यास लगाम लवकर सुटतो, हे २०१३ साली उघडकीस आले. नवलाची गोष्ट अशी, की या जनुकाची आईकडून आलेली प्रत निसर्गतःच मुकी असते. पित्याकडून आलेली प्रत तेवढी काम करते. म्हणजे हा दोष प्रकट होतो तो पित्याच्या वाटेने. आणि ज्या पित्यास तो स्वतःच्या आईकडून मिळाला, त्यास स्वतःला त्याची बाधा झालेलीच नसते! मग बोल कोणाला लावावा? बहुसंख्य मुलींच्या बाबतीत तर निश्चित असे कारण सापडतच नाही.

तथापि दोष नाही म्हणून दुर्लक्ष करू नये. मुलीस आठव्या आणि मुलास नवव्या वर्षापूर्वी ही चिन्हे दिसली तर डॉक्टरांकडे जावे. अशी मुले प्रथम भरभर वाढतात, परंतु हाडांची टोके लवकर जुळून आल्याने उंची खुंटते. मुलग्यांत मेंदूतील गाठीसारखे कारण मुलींपेक्षा अधिक वेळा आढळते.

प्रत्येकास उपचार लागतोच असे नाही. लागला तर तो आहे. मेंदूचा निरोप थांबून थांबून आला तरच पीयूषिका ऐकते, अखंड आला तर ती बहिरी होते, हे अर्न्स्ट नोबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली माकडांवरील प्रयोगांनी दाखविले. त्याच तत्त्वावरील इंजेक्शनांनी हा निरोप काही वर्षे थोपविता येतो. योग्य वेळी ती बंद केली की निसर्गक्रम पुन्हा सुरू होतो.

आणि एक गोष्ट विसरू नये. देह पुढे धावला, तरी मन सात वर्षांचेच असते. तिला थोर समजून धाकात ठेवू नका. शांत शब्दांत सारे समजावून सांगा, आणि तिची बाहुली तिच्याजवळच राहू द्या.