मनगटावरील चार ओळी

गेल्या महिन्याच्या टपालांत एकाच विषयावरचीं दोन पत्रें निघालीं. विषय एक, पण पत्रें मात्र एकमेकांपासून फार दूरचीं.

पहिलें पत्र एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या सुनेचें. त्यांचे मामंजी ७८ वर्षांचे. पूर्वीं एका कचेरींत हिशेबनीस होते. गेलीं दोन वर्षें त्यांचें विस्मरण वाढत चाललें आहे. एके पहाटे घरांतलीं माणसें उठण्यापूर्वीं ते दाराची कडी काढून बाहेर पडले, ते दुसऱ्या दिवशीं दुपारीं परगांवच्या रेल्वे-स्टेशनच्या बांकावर सांपडले. पोलीस शिपायानें नांव विचारलें, तें त्यांनीं बरोबर सांगितलें. पत्ता विचारला, तेव्हां मात्र वांईचा, लहानपणींच्या वाड्याचा सांगितला. तो वाडा पडून कैक वर्षें झालीं! घरच्यांनीं खिशांत चिठ्ठी ठेवलेली होती. पण आदल्या रात्रीं सदरा बदलला आणि चिठ्ठी धुण्यांत गेली. 'धातूच्या पट्टीवर नांव व टेलिफोनचा आंकडा कोरून ती हातांत घालावी असें मनांत आहे. अशी पट्टी कोठें मिळेल, कोणत्या धातूची घ्यावी आणि तिच्यावर काय कोरावें?' असे तीन प्रश्न त्या भगिनींनीं विचारले आहेत. शेवटीं एक ओळ आहे, तिच्यापुढें प्रश्नचिन्ह नाहीं : 'मामंजी म्हणतात, मी कांहीं हरवलेलें गुरूं नव्हें.'

दुसरें पत्र 'एक जुना वाचक' अशा सहीचें. त्यांत एका दुकानाच्या कड्यांची तोंड भरून स्तुति होती. हीं कडीं स्वस्त, टिकाऊ, आणि वर तांबें व लोहचुंबक यांच्या योगानें सांधेदुखीही दूर करणारीं, असें हे गृहस्थ लिहितात. घडी पुरती उलगडली तों कागदाच्या पाठीमागें त्याच दुकानाचा छापील बिलाचा नमुना दिसला. काटकसर हा गुण खराच. पण तो कधीं कधीं मालकाचें गुपित फोडतो.

त्या पत्राकडे मागाहून वळूं. आधीं मामंजींचें पाहूं.

मनगटावर ओळख कोरून बाळगणें म्हणजे गुरांच्या गळ्यांत लाकूड बांधणें नव्हे, हें त्यांना कोणीतरी सांगावयास हवें. ब्रिटिश लष्करानें १९०७ सालीं प्रत्येक शिपायाच्या गळ्यांत नांव, क्रमांक व पलटण ठोकलेली अॅल्युमिनियमची चकती घालण्याचा प्रघात पाडला. ती मानखंडना आहे असें कोणा शिपायाला वाटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. आजारी माणसांच्या कड्याची कथा याहून घरगुती आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत टर्लक नांवाचें गांव आहे. तेथील डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या लिंडा नांवाच्या मुलीस १९५३ सालीं बोटाला जखम झाली. धनुर्वातावरील प्रतिविष तिला सोसतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नुसता चाचणीपुरता थेंब दिला, तोंच तिची प्रकृति इतकी बिघडली कीं ती मरतां मरतां वांचली. घरीं वैद्यकी असूनही ही गत! मग ही मुलगी परगांवीं एकटी असतांना बेशुद्ध पडली व कोणी अनोळखी डॉक्टरनें तेंच इंजेक्शन दिलें तर? या काळजीनें आईबापांनीं आधीं कागदाची चिठ्ठी तिच्या हातांत अडकविली, आणि ती कॉलेजांत जाण्याच्या सुमारास चांदीचें कडें कोरून घेतलें. त्यावर तिला न सोसणाऱ्या औषधांचीं नांवें होतीं. इतर विद्यार्थ्यांनाही तें हवेंसें वाटूं लागलें, तेव्हां १९५६ सालीं कॉलिन्स दांपत्यानें 'मेडिकअलर्ट' ही संस्था काढली. ती आजही चालू आहे.

तेव्हां हें कडें केवळ विस्मरण झालेल्यांसाठीं नाहीं. मधुमेहाच्या रोग्यास, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यास, रक्तांतील साखर एकदम उतरली म्हणजे तो अडखळूं लागतो, त्याचें बोलणें तुटक होतें. रस्त्यावरचे लोक दारू प्यायला आहे असें समजून दूर सरतात. अपस्माराचा रोगी, पेनिसिलीन न सोसणारा, रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेणारा, हृदयाची गति राखणारें यंत्र बसविलेला, या सर्वांची स्थिति अशीच. जेथें बोलतां येत नाहीं तेथें मनगटानें बोलावें, एवढीच ही योजना.

आतां धातूचा विचार. आपल्या घरांत पहिलें नांव निघतें तें चांदीचें. सोनार ओळखीचा, घडणावळ थोडी, आणि हातावर शोभतें. पण शुद्ध चांदी मऊ. रोजच्या घांसानें अक्षरांच्या कडा बुजतात. शेंकडा साडेब्याण्णव भाग चांदी व उरलेलें बहुधा तांबें, असें मिश्रण अधिक कणखर. हवेंतील गंधकामुळें चांदी काळी पडते ही तिची खोड येथें मात्र उपयोगी पडते : वरचा भाग पुसला तरी कोरलेल्या रेघांत काळिमा राहतो आणि अक्षर उठून दिसतें. म्हणून असल्या कड्याला रांगोळी किंवा राख लावून घांसूं नये, मऊ फडक्यानें पुसावें. दुसरा दोष चोरीचा. एकट्यानें भटकणाऱ्या वृद्धाच्या हातांत चांदी घालणें म्हणजे चोराला वाट दाखविणें. वरील भगिनींना आम्ही चांदी सुचविणार नाहीं.

तांबें आणि पितळ यांनीं घामाबरोबर कातडीवर हिरवट डाग पडतात. अॅल्युमिनियम हलकें खरें, पण लवकर चरबटतें. उरलें न गंजणारें पोलाद. बाजारांत '३१६ एल' या आंकड्यानें ओळखलें जाणारें पोलाद यासाठीं उत्तम. त्याच्या शंभर भागांत १६ ते १८ भाग क्रोमियम, १० ते १४ भाग निकेल व २ ते ३ भाग मॉलिब्डेनम असतें. यांतील मॉलिब्डेनममुळें तें मिठाला, अर्थात् घामालाही, चांगलें दाद देत नाहीं. ज्यांना खोट्या दागिन्यांनीं कानाला खाज सुटते त्यांनीं निकेलपासून जपावें. त्यांच्यासाठीं टिटॅनियम बरें. किंमत अधिक, पण वजनाला पोलादाच्या निम्म्याहून थोडेंच अधिक आणि कातडीला सौम्य.

साधीं पोलादी कडीं नांदेडच्या बाजारांत पुष्कळ मिळतात, असें कोणी सुचवील. पण तें शीख बांधवांच्या पांच धर्मचिन्हांपैकीं एक आहे. त्यावर आपल्या औषधांची यादी घालणें आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाहीं.

शिवाय अखंड कडें नकोच. म्हाताऱ्या माणसाचा हात सुजतो. आणि चुंबकाच्या यंत्रांतून तपासणी करतांना अंगावरील सर्व धातु काढावा लागतो. सांखळीला जोडलेली सपाट पट्टी व तिला फांसा, अशी रचना सोईची. फांसा मात्र कसा असावा हें माणूस पाहून ठरवावें. मधुमेहाच्या रोग्याला तो स्वतःला काढतां यावा; विस्मरण झालेल्याला एका हातानें सहज काढतां येऊं नये.

कोरून कोण देईल? येथें आमच्या वाचकभगिनींना दूर जावयास नको. लग्नांत दिलेल्या तांब्यावर, ताटावर, घंगाळावर नांव घालून देणारा मनुष्य भांड्यांच्या दुकानाबाहेर बसलेला आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. पूर्वीं तो हातोडीनें टिंबाटिंबांचीं अक्षरें उठवी. आतां बहुतेकांच्या हातीं विजेवर थरथरणारी लेखणी असते. पोलादाच्या ताटावर जो लिहितो त्याला पोलादाची पट्टी जड नाहीं. अक्षरें लहान व रेखीव हवीं असतील, तर पदकें, ढाली व दारावरच्या पाट्या करणाराकडे जावें. त्याच्याकडे हल्लीं लेझरचें यंत्र असतें. त्यास एक गोष्ट स्पष्ट विचारावी. लेझरनें पोलादावर दोन तऱ्हांनीं लिहितां येतें. एकींत नुसती उष्णता देऊन पृष्ठभाग काळा करतात. दिसायला सुरेख, पण धातु खोदला जात नाहीं, आणि वर्षानुवर्षांच्या घांसानें ती काळोखी फिकटते. दुसरींत धातु खरोखरच खोदला जातो. आपल्याला दुसरी हवी. नखानें रेघ लागली पाहिजे.

मजकुरांत लोक सर्वांत अधिक चुका करतात. रक्ताचा गट घालण्याची हौस फार. पण कड्यावरचें अक्षर पाहून कोणतेंही रुग्णालय रक्त देत नाहीं, तें नेहमीं स्वतः तपासून व जुळवूनच देतें. ती जागा वांचवावी. औषधाचें प्रमाण लिहूं नये, तें बदलतें. रोगाचें नांव लिहावें, तें सहसा बदलत नाहीं. पूर्ण पत्ता घालूं नये. घर कोठें आहे हें चोरालाही कळतें. टेलिफोनचे आंकडे दोन असावे, आणि ते दोन निरनिराळ्या बिऱ्हाडांतले. एकत्र कुटुंबांत एकाच घरचे दोन आंकडे दिले तर दोन्ही फोन देवघराबाहेरच्या फळीवर वाजत राहतात आणि सगळीं माणसें मंगलकार्याला गेलेलीं असतात, असें घडतें. नांव देवनागरींत असावें, रोग व औषध मात्र रोमन लिपींतही. महाराष्ट्राबाहेर प्रवासांत गांठ पडलेल्या डॉक्टराला आपली लिपि येईलच असें नाहीं.

आतां तें दुसरें पत्र. तांब्याचीं कडीं व चुंबकाच्या पट्ट्या यांनीं सांधेदुखी बरी होते कीं काय याची कसोटी विलायतेंत यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनीं घेतली. संधिवाताच्या ७० रोग्यांवर केलेल्या त्या प्रयोगाचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. खऱ्या आणि खोट्या कड्यांत त्यांना कांहीं अर्थपूर्ण फरक आढळला नाहीं. आपल्याकडे तर १९५४ सालच्या कायद्यानें ठराविक रोगांवरील चमत्कारिक उपायांच्या जाहिराती करण्यास मनाई आहे, आणि गंडेदोरे, कवचें हींही त्या कायद्याच्या व्याख्येंत येतात. २०१९ च्या ग्राहक-संरक्षण कायद्याप्रमाणें खोट्या जाहिरातीला आपलें नांव देणारालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. 'जुन्या वाचकां'नीं हें ध्यानांत घ्यावें.

या सदराचा नियम असा आहे : दुकानदारानें दुकानदार म्हणून लिहावें. माल विकण्याची इच्छा हें पाप नव्हे. जाहिरातीसाठीं या मासिकांत निराळीं पानें आहेत व त्यांचा दर ठरलेला आहे. वाचकाचा वेष घेऊन केलेली स्तुति मात्र येथें छापली जात नाहीं, आणि दुकानाचें नांव आम्ही स्वतःही देत नाहीं. यानें वाचकांची गैरसोय होते, हें आम्हांस कबूल आहे. ज्या भगिनींचे मामंजी पुन्हां पहाटे उठून जातील त्यांना नियम नको, पट्टी हवी. म्हणून आम्ही त्यांना खाजगी पत्रानें एवढेंच कळविलें कीं, गांवांतलें भांड्यांचें कोणतेंही जुनें दुकान गांठा, आणि मामंजींना बरोबर घेऊन जा. मजकूर त्यांनाच ठरवूं द्या. याच पत्रव्यवहारांत एका कारागिरानें आपण पाट्या कोरण्याचा धंदा करतों असें उघड सांगून लेझरच्या दोन तऱ्हांची माहिती पाठविली, तीच वर दिली आहे. त्यांनीं दुकानाचें नांव छापा असें म्हटलें नाहीं, यास्तव आभार अधिक.

त्या भगिनींचें दुसरें पत्र परवां आलें. मामंजी कड्याला 'पट्टी' म्हणूं देत नाहींत, पण हातांत घालतात. वरच्या अंगास त्यांनीं स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि 'मूळ गांव वांई' एवढेंच घालूं दिलें. टेलिफोनचे दोन आंकडे आंतल्या अंगास. कोरणारा अक्षरामागें पैसे घेणारा होता. काम संपल्यावर मामंजींनीं चष्मा लावून दोन्ही अंगांचीं अक्षरें बोटानें मोजलीं, आणि दोन अक्षरांचे पैसे जास्त लावले आहेत असें सांगून ते परत घेतले.