राल्फीला नाव आहे

व्हिडिओ गेम ही एक संहिता आहे आणि तिचेही वाचन होऊ शकते, हे विधान साहित्याच्या वर्गात आता कोणाला दचकवत नाही. माझीही त्याला हरकत नाही. हरकत आहे ती त्या वाचनाच्या एका अतिलोकप्रिय प्रकाराला, म्हणजे डेमो खेळून तासाभरात लिहिलेल्या ‘पहिल्या छापे’ला. तो लेखनप्रकार वाचनाचा आव आणतो आणि वाचन टाळतो. याला अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या गेमइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

हे फुटबॉल म्हणजे आपले पायाने खेळायचे फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, शिरस्त्राणे, खांद्यांवर चिलखतासारखे पॅड आणि अंगावर अंग आदळण्याचा खेळ. विद्यापीठांचे संघ तो खेळतात, मिशिगनसारख्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणसे तो पाहायला बसतात, प्रशिक्षकांना डोळे पांढरे होतील असे पगार मिळतात. खेळणारे विद्यार्थी मात्र ‘हौशी’. शिष्यवृत्तीपलीकडे त्यांनी स्वतःच्या नावावर वा चेहऱ्यावर पैसा मिळवायचा नाही, असा एनसीएए या नियामक संस्थेचा दंडक २०२१पर्यंत होता. ईए स्पोर्ट्स या कंपनीने १९९३पासून २०१३पर्यंत या खेळाचे गेम काढले. पुढच्या काळात जुलैतल्या प्रकाशनाआधी काही आठवडे मोजक्या संघांचा फुकट डेमो मिळू लागला, आणि लगेच पहिल्या छापांचा पाऊस.

त्या छापांत काय असे? गवत कसे दिसते, दुपारची सावली मैदानावर कशी सरकते, धडक बसल्यावर देह खऱ्यासारखा कोसळतो की बाहुलीसारखा, धावणारा गडी वळताना पाय घसरवतो का. सगळ्याला एकच मोजपट्टी : खरे वाटते की नाही. आपल्याकडे कादंबरीच्या परीक्षणात ‘वास्तवाचे जिवंत चित्रण’ हा शिक्का मारून मोकळे होणारे लोक असतात, त्यांचीच ही चुलत भावंडे. वास्तव कोणाचे, कोणी उचलले, उचलताना त्यातून काय गाळले, हे प्रश्न दोघांनाही गैरसोयीचे.

गाळलेली गोष्ट तर पडद्यावर ढळढळीत दिसत होती. २०११ साली आलेल्या आवृत्तीत विद्यापीठांच्या मैदानप्रवेशाच्या प्रथा हौसेने रंगवल्या होत्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघापुढे धावणारी राल्फी नावाची बायसनची मादीही त्यात होती. राल्फीला नाव होते. स्टेडियमांना नावे होती. समालोचकांना नावे होती आणि आवाजही त्यांचेच होते. खेळाडूंना तेवढी नावे नव्हती. तिथे खेळायची जागा आणि पाठीवरचा आकडा. याहून चमत्कारिक गोष्ट समालोचनात दडलेली होती. असंख्य आडनावे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असत. आपण खेळाडूचे आडनाव टंकले, आणि ते साठ्यात असले, की समालोचक ते खणखणीत उच्चारत. म्हणजे आडनाव यंत्राच्या ओठांवर होते, पण पहिल्यांदा ते आपण घ्यायचे! आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागे, तसाच हा प्रकार. फक्त इथे लाजण्याचे कारण कायदेशीर होते.

या संहितेचे खरे वाचन कोणी केले? अमेरिकेतल्या दोन अपील न्यायालयांनी. ॲरिझोना स्टेट आणि पुढे नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळलेल्या सॅम केलरने २००९ साली ईए आणि एनसीएएवर दावा लावला. ३१ जुलै २०१३च्या निकालात न्यायालयाने खेळातल्या निनावी पात्राची केलरशी जी तुलना मांडली आहे, ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी. उंची, वजन, कातडीचा रंग, केस, कोणत्या हाताने चेंडू फेकतो ती सवय, शिरस्त्राणावरची काच, शिक्षणाचे वर्ष, राहण्याचे राज्य : सगळे तेच. खेळाडूंच्या खास लकबी जुळाव्यात म्हणून कंपनी संघांचे साहित्य सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे तपशीलवार प्रश्नावल्या पाठवत असे. बदलले काय? जर्सीवरचे नाव काढले आणि मूळ गाव बदलले. राज्य खरे, गाव खोटे. ‘या कथेतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ हे वाक्य छापून शेजाऱ्याचे घर वर्णन करणाऱ्या कथालेखकाची ही युक्ती आपल्याला नवी नाही.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक विसंगत तपशील. २००८च्या आवृत्तीत नेब्रास्काचा खेळाडू इतर बाबतींत केलरशी जुळतो, जर्सीचा आकडा मात्र जुळत नाही. केलरने हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर आकडा बदलला म्हणून असे झाले असावे, असे न्यायालय म्हणते. पाठचिकित्सा शिकलेल्या कोणालाही इथे हसू फुटेल. दोन हस्तलिखितांचे नाते सिद्ध होते ते शुद्ध पाठांवरून कमी आणि नकलनविसाच्या चुकीवरून अधिक. कंपनीजवळ जुनी पोथी होती. निव्वळ योगायोगाने जुळलेला माणूस असा शिळा होत नाही.

रटगर्स विद्यापीठाच्या रायन हार्टचा खटला याच्या दोन महिने आधी, मे २०१३मध्ये, दुसऱ्या अपील न्यायालयात निकाली निघाला होता. तिथे कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा होता. वापरणारा पात्राचे रूप बदलू शकतो, म्हणून ही कलात्मक पुनर्निर्मिती आहे, असा तो. वाचकाच्या सर्जनशीलतेचे गोडवे आम्ही वर्गात गातो, ते असे वकिलांच्या उपयोगी पडतात! न्यायालयाने ते मानले नाही. बदलण्याची सोय दिल्याने मूळची उचल धुऊन निघत नाही.

दोन्ही निकाल दोन विरुद्ध एक असे होते, आणि मतभेद नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींची अभिव्यक्तिस्वातंत्र्याची काळजी पोकळ नव्हती. उद्या खऱ्या माणसावर कादंबरी लिहिणाऱ्यालाही कोणी हिशेब मागेल, ही भीती आपल्याला वाटलीच पाहिजे. ऐतिहासिक व्यक्तींवर पिढ्यानपिढ्या कादंबऱ्या रचणाऱ्या भाषेला तर जास्तच. तरीही ही तुलना मला मान्य नाही. कादंबरीकार नाव घेतो आणि माणूस नव्याने घडवतो. निदान घडवण्याची जबाबदारी पत्करतो. इथे माणूस जसाच्या तसा ठेवला आणि फक्त नाव पुसले, तेही कलेच्या गरजेपोटी नव्हे, ‘हौशी’ या शब्दाची अब्रू राखण्यासाठी. खेळणाऱ्याला तो माणूस ओळखू यावा हीच विक्रीची मदार होती. ओळखू येऊ नये म्हणून नाव झाकणे आणि ओळखू यावा पण देणे लागू नये म्हणून नाव झाकणे, या दोन गोष्टींतला फरक ज्याला दिसत नाही त्याने समीक्षेच्या वाटेला जाऊ नये.

पहिल्या छापेबद्दलच बोलायचे तर तिचा एक अस्सल नमुना नोंदलेला आहे. २००८ साली एड ओ’बॅनन हा यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एका मित्राच्या घरी गेला असता मित्राच्या मुलाने त्याला याच कंपनीचा बास्केटबॉलचा गेम लावून दाखवला. पडद्यावर त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच्याच विद्यापीठाचा, त्याचाच ३१ आकडा मिरवणारा एक निनावी खेळाडू खेळत होता. पुढचा खटला त्याच्या नावाने ओळखला जातो. ओ’बॅननने पाहिले ते पाहायला ना तांत्रिक ज्ञान लागत होते, ना सिद्धान्त. डेमोवर लिहिणाऱ्यांना ते दिसत होतेच. नामावळ्या भरून देणाऱ्या चाहत्यांच्या याद्या तेच उतरवून घेत होते.

२०१४मध्ये कंपनी, तिची परवानासंस्था आणि एनसीएए यांनी मिळून सुमारे ६ कोटी डॉलरची तडजोड केली. मालिका त्याआधीच थांबली होती. २०२१मध्ये एनसीएएने नावाच्या कमाईवरचा निर्बंध सोडला आणि जुलै २०२४मध्ये गेम परतला : १३४ संघ, संमती देणारे दहा हजारांहून अधिक खेळाडू, प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. संमती न देणाऱ्याच्या जागी एक बनवलेला खेळाडू. पहिल्या छापाही परतल्या. स्टेडियमचा उजेड, प्रेक्षकांचा गजर, धावत्या देहांचे वजन. ६०० हा आकडा कोणी आणि कोणाशी बोलून ठरवला, हे विचारणारे थोडे होते. गवताबद्दल लिहिणारे, नेहमीप्रमाणे, पुष्कळ.