यादी

यंदाच्या अंकाचा विषय 'समुद्र' ठरला, तेव्हा बीडला बसून समुद्राचं काय काढता, असं काही स्नेह्यांनी विचारलं. उत्तर पालघरच्या मच्छीमारांवरच्या लेखात आहे. डहाणू-तलासरीची पोरं हंगामाला गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मासळीमागे बोट सरकत राहते आणि पाण्यावरची हद्द डोळ्यांना दिसत नाही. पाकिस्तानच्या हाती लागलेला खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षं काढतो. नोव्हेंबर २०२१मध्ये तर पालघरचा एक जण गोळीबारात बोटीवरच गेला.

त्या लेखातली एक ओळ मला वर्षभर सलते आहे. २००८च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या, मच्छीमारांच्या याद्या देतात. वैर असलेले दोन देश वर्षातून दोनदा ही माणसं मोजतात. आणि दिवाळीच्या आगेमागे बालाघाटच्या डोंगरातून ऊसतोडीला निघणारे आमचे कोयते? त्यांची पुरी यादी कुणाकडे आहे?

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात माणूस नाही, हत्यार आहे! उचल देतो मुकादम, मुकादमाचा व्यवहार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा कारखान्याशी. फडात साप चावला, वाटेत ट्रॉली उलटली, की हा कामगार कुणाचाच नसतो. उचल मात्र त्याचीच असते; फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. कर्नाटकासारख्या परराज्यात जाणाऱ्यांसाठी १९७९च्या कायद्याने ठेकेदाराला फोटो लावलेलं पासबुक द्यायला सांगितलं होतं. पाटोदा, धारूर, वडवणीच्या वाड्या-तांड्यांवर इतकी वर्षं फिरतो आहे. ते पासबुक मला एकाही घरात दिसलेलं नाही.

ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, ओळखपत्रांचं ठरलं, जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. ते हवंच होतं. पण जिल्ह्याला आठवते ती मोजदाद २०१९ची: पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बाई मोजली गेली, ती तिचं शरीर कापून झाल्यावर.

हा अंक तुमच्या हाती येईल, तेव्हा गावात गाड्या भरत असतील. ग्रामसेवकाला आणि गुरुजींना सोबत घ्या. जाणाऱ्या प्रत्येक बाईचं, बाप्याचं, लेकराचं नाव, मुकादम, कारखाना आणि उचलीचा आकडा एका वहीत लिहा. तिची एक प्रत तहसीलमध्ये द्या आणि पोच घ्या.