करंट कुठे अडला, ते आधी बघा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलैची झड लागलेली. एका शेतकऱ्याचा निरोप आला, "साहेब, सोयाबीन पिवळं पडलंय, एकदा येऊन बघून जा." मी निघालो आणि माझीच गाडी बंद पडली. गाडी म्हणजे वडिलांची जुनी, पॉईंटवाली एम-एटी. किक मारून पाय भरून आला, पण इंजिन काही बोलेना. प्लग काढून पाहिला तर करंटच नाही.

गाडी तालुक्याला नेली. तिथला पोरगा नव्या गाड्यांच्या कामात तयार झालेला. त्याने आधी प्लग बदलला, मग कॉईल, मग बॅटरी. तीन दिवस गेले, खिसा मोकळा झाला, पण गाडी जागची हलली नाही. शेवटी आमच्याच गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हँडलखालची एक वायर सोडवली आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू! इंजिन बंद करायच्या स्विचची ती वायर घासून उघडी पडली होती आणि बॉडीला टेकत होती.

चौथ्या दिवशी शेतावर पोचलो. तोवर त्या शेतकऱ्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकत्र करून मारले होते. मी पाहिले तर कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या. रानात पाणी साचून पिकाला लोह मिळत नव्हते. चर काढून पाणी बाहेर काढणे हा खरा पहिला इलाज. पण त्याला बोलायला मला तोंड कुठे होते? त्याने न बघता औषध मारले, मी न बघता कॉईल बदलली. दोघेही एकाच माळेचे मणी.

म्हणून शेतकरी बांधवांना सांगतो, रोग ओळखल्याशिवाय औषध नको आणि दोष सापडल्याशिवाय नवा पार्ट नको.

तपासायची रीत अवघड नाही. प्लगपासून सुरुवात करून मागे मागे जायचे. प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग भोकापासून लांब धरा. हातात उघडा धरू नका, झटका जबर बसतो. ठिणगी निळी आणि कडक असेल तर दोष करंटात नाही, कार्बोरेटरकडे बघा. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर चांगला चालणारा दुसरा प्लग लावून बघा. तरीही नाही, तर कॅप काढा आणि मूठ असलेल्या पकडीने वायरचे टोक इंजिनपासून ५-६ मिलिमीटरवर धरा. इथे करंट आला तर दोष कॅपचा.

इथेही नाही आला, तर स्विचची वायर सोडवून बघा. याला पैसाही लागत नाही. एम-एटी, जुनी लुना अशा मॅग्नेटवाल्या गाडीत ठिणगीचा करंट बॅटरीतून येत नाही, मॅग्नेटमधून येतो. हा करंट बॉडीला मिळवला की इंजिन बंद पडते. स्विचचे काम तेवढेच. वायर घासली की स्विच न दाबताही तेच होते. माझी नवी बॅटरी फुकट गेली ती यामुळेच.

त्यानंतर पॉईंट. ते जळलेले, तेलकट असले तर बारीक पॉलिश पेपरने घासून पुसा आणि फटीचे माप फीलर गेजने लावा. पॉईंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. कॉईलचा नंबर सगळ्यात शेवटी. गाडी थंड असताना चालते, गरम झाली की बंद पडते आणि निवली की पुन्हा चालते, अशी खोड असेल तर कॉईल तपासा. जुन्या पेट्रोल जीपचे मात्र वेगळे. तिथे करंट बॅटरीतूनच येतो, म्हणून बॅटरी आणि तिची टर्मिनले आधी बघावीत.

पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपात बहुधा पॉईंट नसतात, पण प्लग, कॅप आणि स्विचची वायर याच क्रमाने बघता येते. ऐन फवारणीत पंप बंद पडला म्हणजे काय होते, हे मी शेतकऱ्याला सांगायला नको.

२०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, मेकॅनिकच्या हाती स्कॅनर आला. चांगलेच झाले. पण पॉईंट कळणारे मिस्त्री आता गावोगाव थकत चालले आहेत. ग्रामपंचायतींनी खरिपाआधी एक दिवस अशा मिस्त्रीला चावडीवर बोलवावे, चार पोरांना समोर बसवावे आणि गावातले बंद पंप, बंद गाड्या तिथेच खोलून दाखवाव्यात. खर्च चहापाण्याचा आणि मिस्त्रीच्या रोजाचा. आमच्या खात्याच्या माणसांनीही त्या दिवशी खुर्चीवर न बसता पोरांबरोबर खाली बसावे. मी तर बसणारच आहे.